पाच किलोच्या आत

सरकी शिंकली तेव्हा आधी वाटलं,
जिनिंगची रुई आली असेल माझ्या सदऱ्याबरोबर.
मग दुसरी शिंक, तिसरी,
डाव्या डोळ्यातून पातळ पाणी.
संध्याकाळी ताटलीतलं तिनं हुंगलंही नाही.
हुंगायला नाकच उरलं नव्हतं.

एरवी मांजर एक दिवस उपाशी राहिलं तर राहिलं.
पण हिला शुगर आहे.
सकाळी सात, संध्याकाळी सात,
मानेमागची कातडी चिमटीत धरून दोन युनिट.
आधी खाणं, मग सुई.
खाल्लं नाही तर सुईच जीव घेईल,
सुई दिली नाही तर शुगर चढत जाईल.
मी घड्याळाकडे बघत राहिलो. सातला पाच कमी.

"मांजरीले कायची शुगर गा?
जिलेबी चारत होता काय तिले?"
सलूनमध्ये हे रोजचंच.
"अठी माणसाले सुई भेटत नाई," असं गजू बोलला तेव्हा
मी गप्प बसलो. त्याच्या बापाचं मला माहीत आहे.
बाटली पानठेल्याच्या फ्रीजमध्ये असते,
कोल्ड्रिंकच्या मागे, माझ्या नावाची चिठ्ठी लावून.

पांढरकवड्याच्या डॉक्टरांना फोन तिसऱ्यांदा लागला.
अर्धंच टोचा. वाफ द्या. वास मारेल असं काही चारा.
आणि थरथरली, मान टाकली,
तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा.
"साखरेचं?"
साखरेचंच, म्हणाले, आणि रेंज गेली.
दीड वर्ष मी चहा बिनसाखरेचा पितो,
उगाच, तिच्या सोबतीनं.
डबा शोधून उशाशी ठेवला. मुंग्या होत्या.

न्हाणीत पऱ्हाटी पेटवून पाणी उकळलं,
दाराला पोतं लावलं,
आणि वाफेत बसलो दोघं, उघडे, म्हणजे मी.
ती मांडीवर घरघरत होती.
लाडाची घरघर वेगळी. ही नळीतली होती.
"श्वास घे व माय, तोंडानं घे,"
असं मी म्हणत होतो, तिला काय कळणार.

पंचफुलाबाई दार न वाजवताच आली.
पदराच्या गाठीत तीन पट्ट्या, मोजून आणलेल्या.
"माही दोन दिवस नाई पायली त काय होते?
मले मालूम हाय न, भात खाल्ला म्या."

अकराला कानाची कड तळहातात धरून गरम केली, टोचलं.
एकशे चार.
दीडला ब्याण्णव.
तिसरी पट्टी हातात घेतली, परत ठेवली.
बाहेर तुरीवरून थंडी येत होती, कुत्री एकदम गप्प.

ती माझ्या पोटावर चढून पडली.
काट्याच्या खिडकीत मी अकरा वर्षं ट्रक मोजतो.
आमच्या काट्याला पाच किलोच्या आतलं दिसत नाही.
एका दुपारी हिला त्या लोखंडावर सोडलं होतं,
चालली, बसली, अंग चाटलं,
काचेत शून्य.
किराणातल्या तराजूनं तीन किलो चारशे सांगितलं.
तेवढ्यानं त्या रात्री मला कूस बदलता आली नाही.

चारच्या सुमारास सुकट भाजली.
सगळी गल्ली खोकली असेल.
बोटावर चुरा घेऊन तिच्या नाकाखाली धरला,
काही नाही. वरच्या ओठाला लावला.
तिनं जीभ काढून तो पुसून टाकला,
चिडून, जसं काही मी तोंडाला चिखल फासला.
मग परत जीभ.
मग बोट चावलं.

सातला खाल्लं तिनं, चार घास, उभी राहून.
तिसरी पट्टी तेव्हा वापरली. आकडा वर होता.
आनंदानं वर होता म्हणावं का?
दीड युनिट दिलं. डॉक्टरांना न विचारता.

काट्यावर दोन गाड्या लागून होत्या, ड्रायव्हर ओरडत होते.
पावती फाडताना बाहीवर काहीतरी कडक लागलं.
तिची शिंक, वाळलेली.
साखरेचा डबा तसाच उशाशी राहिला घरी,
मुंग्यांसकट.