मंगळवारच्या आत

सांगलीहून पुड्या आणल्यात चार,
हरभट रोडच्या मागच्या बोळातल्या दुकानातून.
प्रत्येकीवर बॉलपेनने आकडा:
एक के, चार पॉइंट सात, दहा, बावीस.
आत शितांएवढे रेझिस्टर, अंगावर रंगाचे पट्टे.
तपकिरी काळा लाल, म्हणजे हजार.
पिवळा जांभळा लाल. तपकिरी काळा नारिंगी.
पॉलिटेक्निकात वीस वर्षं हेच घोकून घेते पोरांकडून,
आणि आज मिरजेत, स्वयंपाकाच्या ओट्यावर,
चष्मा कपाळावर सरकवून
पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे.

इंजिन तळहातावर मावेल एवढं,
मीटर गेजचं, काळं, धुराचं.
पोटात नखाएवढा डीकोडर.
निळी वायर सामाईक, पांढरी पुढच्या दिव्याची,
पिवळी मागच्या.
घाईत पहिला एलईडी मी तसाच जोडला, रेझिस्टर न लावता.
एकदाच लख्ख हसला.
"मेला?" अप्पांनी खुर्चीतून विचारलं.
"मेला."
"आमची वात काळी व्हायची. मरायची न्हाई."

अप्पा, म्हणजे भूपाल चौगुले, नांद्रे स्टेशनचे बत्तीवाले.
दिवस कलला की रॉकेलचा डबा घेऊन
सिग्नलच्या शिडीवर.
त्या उंचीवरून भिलवडीकडची गाडी
मास्तरांच्याही आधी त्यांना दिसायची,
आधी नुसता ठिपका,
उसाच्या वर कुठेतरी, हलतोय की नाही कळू नये असा.
तो ठिपका हवाय त्यांना या इंजिनाला.
किती मिलिअँपचा होता ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

हजारचा लावला.
"ही गाडी न्हाई गं. हे मोबाइलचं दुकान."
चार पॉइंट सात.
"टोचतंय अजून."
दहा हजार, आणि पांढरा काढून वॉर्म व्हाइट.
ट्यूब बंद केली. फ्रिजचा आवाज तेवढा मोठा झाला.
अप्पा पुढे वाकले.
मग उजव्या डोळ्यावर हात धरला,
मग डाव्यावर,
मग परत उजव्यावर, लहान मुलासारखं.

"पद्मे, ह्या डोळ्यानं बगितलं तर लोणी.
ह्यानं बगितलं तर दुधात नीळ.
तू कुठल्या डोळ्यासाठी लावतीस?"

उजव्याचा मोतीबिंदू मार्चमध्ये काढला.
डाव्याचा येत्या मंगळवारी.
डॉक्टर म्हणाले होते, रंग जरा वेगळे दिसतील,
घाबरू नका, हेच खरे.
आम्ही मान हलवली होती,
आणि फीची पावती घेऊन रिक्षात बसलो होतो.

आता मला कळत नाही.
शिडीवर चढायचा तो पंचविशीतला माणूस,
त्याचे दोन्ही डोळे कोरे असणार.
मग ही लोण्याची पिवळाई दिव्याची,
की एवढ्या वर्षांत भिंगावर साचत गेलेली?
बारातून तीन वजा करते, नऊ उरतात,
नवाला दहा हजारांनी भागते, उत्तर येतं.
पण हे गणित दिव्यापाशीच संपतं.
डोळ्यापर्यंत वायर जात नाही.

विचारलं तर अप्पा चिडले.
"तवाचं काय विचारतीस. आता दिसतंय ते लाव."
आणि डावा डोळा उघडा ठेवून, उजवा मिटून,
स्टूल ओढून बसले
मीटर लावावा तसे, माझ्या शेजारी.

काचेवर लावायचा पिवळा रंग सुईच्या टोकाने घेतला,
एलईडीच्या डोक्यावर एक टिपका.
"अजून."
अजून एक.
"हां. थांब."
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"आता कोणतरी येतंय."

मग चुकून उजवा डोळा उघडला
आणि कपाळाला आठी पडली.
"असू दे. झाळ तू."

झाळलं. राळेचा धूर ओट्यावरून खिडकीकडे गेला.
मागच्या दिव्याची पिवळी वायर मी मोकळीच ठेवली आहे,
टोकाला टेप गुंडाळून.
बुधवारी पट्टी निघेल.
बावीसची पुडी अजून फोडलेली नाही.