दोरी सोडून ठेवावी

नाताळापासून तीन राजांच्या सणापर्यंत
बारा रात्री
दोरीवर काही वाळत घालायचं नाही.
चादर नाही, दुपटं नाही,
भांडी पुसायचं फडकंसुद्धा नाही.
मेलेल्यांची स्वारी त्या रात्रींत डोंगरावरून उतरते,
घोडे, कुत्री, वेळेआधी गेलेले सगळे.
कुणाचा पाय दोरीत अडकला
तर हाताला लागेल ते कापड ओढून नेतात,
आणि वर्ष संपायच्या आत
ते त्याच घरी परत येतं,
कफन होऊन.

माझ्या तळघरात आता कपडे वाळवायचं यंत्र आहे.
त्या बारा रात्री मी तेही बंद ठेवते.
नातवंडं हसतात. हसोत.

तेव्हा मी अकरा वर्षांची.
बाबा पुढे, हातात लोखंडी तवा,
तव्यात निखारे, निखाऱ्यांवर ऊद
आणि ऑगस्टात चर्चमधून आणलेल्या
जुडीतला चिमूटभर पाला.
मी मागे, तीर्थाची वाटी नि देवदाराची डहाळी घेऊन.
माजघर, माळा, मग गोठा.
धुरानं म्हातारी गाय खोकली.
बाबा म्हणाले, ती आजारी नाही,
ती उत्तर देते.

मग शेजारी, क्रेसेन्त्सकडे.
तिच्या घरी तवा धरायला पुरुष उरला नव्हता.
फाइट दोन हिवाळ्यांपूर्वी
वरच्या कुरणातलं गवत आणायला गेला,
घसरगाडी जोडून, पहाटे.
दुपारी डोंगर एकदाच खाकरला.
घोडा संध्याकाळी एकटाच दारात आला,
पाठीवर फाइटचा कोट,
घाम आलेल्या जनावराला घालतात तसा
नीट पट्टा आवळून घातलेला.
फाइट जूनमध्ये सापडला.
सदऱ्यावर.

तिच्या अंगणात दोरी बांधलेली होती.
सफरचंदाच्या झाडापासून लाकडांच्या खोपीपर्यंत,
आणि दोरीवर
एक जाड फ्लॅनेलचा सदरा,
ओला, बाह्या खाली सोडून.

बाबा थांबले.
तव्यातला धूर सरळ वर जात राहिला.
"क्रेसेन्त्स, रात्र कुठली आहे, विसरलीस?"
"विसरले असते तर चादरीही घातल्या असत्या."
ती दारातच उभी होती, हात एप्रनमध्ये.
"ते सगळे इथूनच जातात ना?
मग तोही जाणार.
त्या अंगातल्या एकावर
किती हिवाळे काढेल?"
"आणि कापड परत आलं तर?"
"घरात मी एकटी.
कुणासाठी आलं, ते विचारावं लागणार नाही."

बाबा काही बोलले नाहीत.
दार, उंबरा, चूल, रिकामा गोठा,
सगळीकडे धूर दिला,
जे काही नको असतं त्याला हाकलणारा तो धूर.
अंगणात मात्र दोरीखालून जाताना
त्यांनी तवा कोटाच्या आत घेतला,
छातीशी,
आणि सदऱ्याला वळसा घालून गेले.
कोटाचं अस्तर करपलं.
आईला ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.
मीही नाही.

सकाळी आईनं मला
सुक्या नाशपातींचा काळा पाव देऊन पाठवलं.
सदरा जागेवरच होता.
गोठून फळीसारखा ताठ,
बाह्या वाऱ्यानं दोन्हीकडे फेकलेल्या,
कुणाला तरी अडवावं तशा.
क्रेसेन्त्सनं तो दोरीवरून काढला,
दरवाजातून आडवा आत येईना,
म्हणून तिरका करून आणला,
आणि चुलीपाशी, खुर्चीला टेकवून
उभा केला.

आम्ही पाव कापला नाही. पाहत राहिलो.
आधी मनगटांतून पाणी ठिबकलं.
मग कोपरं वाकली.
मग एक खांदा, बऱ्याच वेळानं दुसरा,
कॉलर पुढे कलली,
आणि सदरा हळूहळू
खुर्चीत बसला.

"थकलाय," ती म्हणाली,
आणि सुरी मागितली.