सातवं घर

नियम सोपा आहे.
गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं,
भिंत उजव्या हाताला धरायची आणि सातवं घर गाठायचं.
कुलूप असेल तर आठवं.
कुत्रं असेल तर काय, ते प्रशिक्षणात सांगितलं नाही.

एका फॉर्मचे पंचेचाळीस रुपये.
मत चांगलं असो, वाईट असो,
पंचेचाळीसच.

जनता वसाहतीत चढ असा
की पहिला प्रश्न विचारायच्या आधी
मलाच धाप लागते.
शेवंताबाई कुचेकर, वय साधारण साठ.
साधारणला रकाना नाही, मी साठ टाकलं.
पाणीपुरवठ्याबाबत आपण किती समाधानी आहात?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण.
त्या म्हणाल्या, तीनला येतं.
म्हटलं, मावशी, एक ते पाचमध्ये सांगा.
अगं तीनला येतं म्हटलं ना, पहाटे,
तेही करंगळीएवढं.
मी तीन दाबलं.

प्रश्न सोळा. नागरी कामात आपला सहभाग:
अ‍ॅपवर तक्रार, वॉर्डसभा, ऑनलाइन सूचना, यापैकी नाही.
त्या हसल्या. दाताची फट दिसली.
हंडे नेले होते की आम्ही, क्षेत्रीय कार्यालयावर.
चाळीस बाया. असे बडवले, असे बडवले,
साहेब जिना उतरून खाली आला.
आता साहेब उतरत नाही,
आता तू चढून येतीस.

हंड्याला रकाना नाही.

सहकारनगरात बेहेरे
जाळीच्या दाराआडून वही वाचून दाखवतात:
अकरा तक्रारी, अकरा टोकन, अकराही निकाली.
खड्डा आहे तिथेच आहे.
फोटो मात्र दुसऱ्याच रस्त्याचा, आणि तो खरंच छान आहे.
समाधानी?
प्रश्न नऊमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे, म्हणाले,
आधी ती दुरुस्त करा.

ताडीवाला रोडला अन्वर तांबोळी
उघडा मिक्सर मांडीवर घेऊन बसलेले.
दारात तीन माणसं उभी, कुणी बोलावलेलं नाही.
नगरसेवकाच्या कामाबद्दल आपलं मत?
त्यांनी स्क्रू फिरवला. दाराकडे पाहिलं.
सांगता येत नाही.
पोलिसांबद्दल? सांगता येत नाही.
निवडणुकीबद्दल? सांगता येत नाही.
शेवटचा पर्याय, करड्या रंगाचा.
प्रशिक्षणात म्हणाले होते,
याचा अर्थ माणसाला मत नाही असा धरायचा.
मी तसाच धरला.
सात वेळा.

संध्याकाळी दांडेकर पुलाखाली नेट मिळालं,
दिवसभराची माणसं वर गेली
दीड मिनिटात.
घुले सरांचा फोन: नमुना उत्तम आलाय.
आमच्या घरी नमुना
माझ्या धाकट्या काकाला म्हणतात.
अहवालात येईल: बहुसंख्य नागरिक मध्यम समाधानी,
चूक कमीजास्त तीन टक्के.

तीन वाचलं की मला अंधारात
एक बादली दिसते, नळाखाली तिरकी धरलेली.

झोपले होते. फोन वाजला.
पावतीवर नंबर छापलाय माझा, मीच विसरले होते.
अगं, मी कुचेकर.
आज तीनला आलंच नाही, आत्ता चारला आलंय.
तुझ्या मशीनमध्ये तेवढं चार कर.

मी उठून बसले.
चार म्हणजे बऱ्यापैकी समाधानी.
मावशी, फॉर्म बंद झालाय, म्हटलं.

बरं झालं की वाईट, मलाच कळेना.
पलीकडे पाणी वाजत होतं, आणि त्या म्हणत होत्या,
थांब हां, हंडा भरतोय,
ठेवू नकोस.