मापाचा ओटा

निवडुंगाच्या कुंपणापलीकडे, जुन्या बाजारचौकात
तो होता तिथेच होता :
दगडी ओटा, उतरत्या आकाराचे पाच खळगे,
प्रत्येकाच्या तळाला बोटभर भोक,
मोजलेला माल खाली पिशवीत पडावा म्हणून.
हमादीच्या शेळ्या त्यात पाणी प्यायच्या.
भोकं त्यानं चिखलानं बुजवलेली.

कडेवर अक्षरं. ओला कागद अंथरला,
ब्रशनं ठोकत ठोकत बसवला कानाकोपऱ्यात,
वाळल्यावर सोलून उन्हात धरला :
इद्दिबालचा मुलगा क्विंतुस, आणि –
नगराचे अधिकारी,
मापं तपासून खरी केली, स्वखर्चाने.

त्या 'आणि'नंतर सव्वा वीत नुसते छिन्नीचे घाव.
कुणीतरी सावकाश, मन लावून खोडलेलं नाव.

बापाचं नाव अजून कार्थेजच्या बोलीतलं,
लेकाचं रोमचं.
एवढ्यात जीभ वळली.
बाकी सगळे शब्द काटून एकेका अक्षरावर आणलेत,
'स्वखर्चाने' तेवढं पूर्ण.

दुपारच्या सुट्टीत मबरूका आली.
साठीची, आमच्या खड्ड्यातली माती वाहते.
बघू तरी, म्हणाली.
गुडघ्यांवर बसली, भोकाला अंगठा लावला,
मधल्या खळग्यात बार्ली ओतली,
तळहातानं वरचं निपटलं,
आणि ती रिकामी केली शेजारच्या थोरल्यात,
जो बरोब्बर दुप्पट, असं मी सकाळीच लिहून ठेवलेलं.
पुन्हा भरली, पुन्हा ओतली.
थोरल्याचा काठ भरेना.

"चोर आहे हा," मधल्याला चापट मारत ती म्हणाली,
"आमच्या गिरणीवाल्याच्या डब्यासारखा."

मी टॉर्च लावून वाकले.
तळाशी चुन्याचा लेप, पेरभर जाड,
दगडाच्याच रंगात घोटलेला.
मापं खरी केली त्याच्या आधीचा, की नंतरचा?
खोडलेल्या माणसानं तो दिला,
की चौकात उभं राहून
सगळ्यांना दाखवला?

अहवालात लिहिलं : 'उत्तरकालीन दुरुस्ती'.
अशा शब्दांवर कुणी हरकत घेत नाही.

मबरूकानं बार्ली ओढणीत गोळा केली,
फटीतला दाणासुद्धा नखानं उकरून.
जाताना मूठ उघडून धरली माझ्यापुढे :
"एवढं. दर गिऱ्हाइकामागे."

वहीत मी मिलिलिटर लिहिले.
खोडले.
लिहिलं, मबरूकाची एक मूठ.