शेवटी चालणारा

सुल्मा पुढे असते, लाल छत्री उघडून,
पाऊस नसला तरी.
मी सगळ्यांच्या मागे.
माझं काम एवढंच, मोजणं.
निघताना चौदा, परतताना चौदा.

दर रविवारी दहाला, बागेच्या फाटकापासून,
जिथे साखरेत घोळलेल्या शेंगदाण्यांचा वास
आमच्या आधी जमलेला असतो.

सत्तावीस वर्षं तिनं या गल्ल्यांत टपाल वाटलं.
कुठला कुत्रा चावरा, कुठली बेल मुकी,
कुणाकडे परदेशी तिकिटं यायची
आणि कोणत्या सालापासून बंद झाली,
सगळं पाठ.
कविता नंतर आल्या. पत्ते आधीपासून होते.

आता ती दारासमोर थांबते, वाचून दाखवते
त्या दारामागे राहून गेलेल्यांनी लिहिलेलं:
एक दंतवैद्य, एक शिंपीण,
एक मुलगा, जो पुढे काहीच झाला नाही.
पुस्तक कुणाचंच नाही.
वह्या, पावत्यांच्या पाठी,
एकदा तर बुटाच्या खोक्याचं झाकण.

मला ओळींची फक्त टोकं ऐकू येतात.
ऑगस्टचा गार वारा नदीवरून सुटतो
(नदी म्हणायची; पलीकडचा काठ मी अजून पाहिलेला नाही)
आणि ओळ अर्ध्यावर उचलून नेतो.
माझ्यापर्यंत पोचतं ते असं:
"...म्हणून दार उघडंच."
"...आणि थोडं मीठ."
"...तुझ्याविना नव्हे, तुझ्यासकट."
मधल्या जागा बस भरते,
किंवा कुणाच्या थर्मासचं बूच,
किंवा ब्राउलियोच्या सुटलेल्या तळव्याचं फट्, फट्.
चार वर्षांत माझ्याकडे
नुसत्या शेपटांची एक लांबलचक कविता झाली आहे.
सुल्माला सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही दुरास्नो रस्त्यावर.
दुरास्नो म्हणजे पीच. अख्ख्या रस्त्याला पीचचं एक झाड नाही.
चौदाशे सतरा नंबर. आसादुर चांभाराची कविता.
मला ऐकू आलं: "...लिंबू."

तोच वर खिडकी उघडली, समोरच्या घराची.
"लिंबू कुठलं! संत्र्याचं झाड होतं ते.
कडू संत्र्याचं. आणि घर ते नव्हे, हे!"

चौदा माना वळल्या, पंधरावी माझी.
सुल्मानं कागद छातीशी धरला.
सत्तावीस वर्षांत एक पाकीट
चुकीच्या दारात पडलं नव्हतं तिच्या हातून.
"कागदावर लिंबूच आहे, बाई," ती म्हणाली.
"असेल. संत्रं यमकात बसलं नसेल त्याला.
माझ्या बापाला तळवा बसवता यायचा, यमक नाही."

मग सिरानुशबाई खाली आल्या, घरातल्या सपाता, हातात किल्ल्या.
झाडाच्या जागी गॅरेज. मीटरखाली कोपऱ्यात बुंधा,
वर रंगाचे दोन डबे. त्यांनी डबे हलवले.
"वाचा आता. इथून."

गॅरेज अरुंद. मागे उभं राहायला जागाच नव्हती,
म्हणून पहिल्यांदाच सबंध कविता ऐकली मी.
खरं सांगू? माझी शेपटांची बरी होती.
पण वाचताना सुल्मा त्या बुंध्याकडे बघत होती,
एखादा पत्ता नव्यानं पाठ करावा तशी.

फाटकाशी आलो. मोजले. तेरा.
पुन्हा मोजले.
"जा," सुल्मा म्हणाली, छत्री मिटत.

ब्राउलियो बुंध्यावर बसला होता,
एका पायात नुसता मोजा.
त्याचा बूट सिरानुशबाईंच्या मांडीत,
आणि हातात आरी, मुठीपाशी काळी पडलेली.
मला बघून त्यांनी मानेनंच थांबायला सांगितलं.
दोरा ओढताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या,
टाक्यामागे एक ओळ.
मी दारातच, वाऱ्यात.
टोक तेवढं ऐकू आलं:
"...लिंबू."