हुजरे

हुक्केरीच्या तालुका कचेरीत
तिसऱ्या खिडकीशी माझं आडनाव अडलं.
आमचा ज दाताला घासून जातो,
यांचा टाळूला चिकटतो.
"हुजरे अंद्र एन्री, सर?" बाईंनी विचारलं.
"अर्थ काय त्याचा?"

अर्थ.
संकेश्वरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवली.
हुजऱ्या : राजाजवळ वावरणारा चाकर.
आणि लगेच खाली,
हुजरेगिरी : लाळघोटेपणा.
मध्ये एका ओळीचीही जागा नाही.
युनियनच्या सभेत कुणी तो शब्द काढला
की सगळे आधी माझ्याकडे बघत,
मग म्हणत, "सर, तुम्हाला नाही हं."

भरमा हुजरे, माझा पणजा.
देसायांच्या गादीमागे दीड हातावर उभा.
त्या दीड हातात आमच्या तीन पिढ्या मावल्या.
हातात विड्याचं तबक, खांद्यावर पंचा,
कान उघडे, तोंड शिवलेलं.
धन्याला ठसका लागायच्या आत
याचा तांब्या पुढे आलेला असे.

देसाई गेले त्या रात्री
मुलगे माडीवर भांडी मोजत होते.
"कोण आहे?"
"जी, हजर."
शेवटचं पाणी भरमाच्या हातचं.
आई इथं येऊन नेहमी थांबायची
आणि मी चिडायचो :
मरणाऱ्यालासुद्धा जी?

हे सगळं खिडकीतून कसं आत सरकवायचं?
म्हटलं, "सेवक, बाई. ऊळिगदवरु."
त्यांनी मान वर केली.
टेबलावरची पाटी मी अक्षर अक्षर जुळवत वाचली :
शिवलीला तळवार.
"आमचे वेशीवर उभे, तुमचे आत," त्या हसल्या.
"बसायला कुणालाच सांगितलं नाही."
तेवढ्यात चहा आला.
आणणारा मौला चोपदार,
हातात चांदीची काठी नाही, जर्मनची किटली.
तिघांनी कप घेतले. उभ्यानंच.
राजा कुठं दिसेना.
साहेबांच्या खुर्चीवर फक्त टॉवेल वाळत होता.

दाखला मिळाला. बाहेर उन्हात धरून वाचला.
ह चा उकार गळलाय.
हजरे.
"दुरुस्तीला अर्ज करा," बाई आतून म्हणाल्या,
"पंधरा दिवस."

तीस वर्षं रोज सकाळी मी नावं पुकारली.
पोरं म्हणत, हजर.
मागच्या बाकावरचा बसगौडा, घरी कन्नड बोलणारा,
जरा लांबवून म्हणायचा, हाऽजर सर.
एकदाही लक्षात आलं नाही
की वर्गभर भरमाचाच शब्द फिरतोय,
कुणाच्या पायाशी न बसता,
नुसता, मी आहे, एवढंच सांगत.

अर्ज भरून ठेवलाय.
खिशात आहे.
अजून दिलेला नाही.