मोजून दिलेला उजेड

अकलूजला चैत्रात अंगणात टाकलेला पापड
तासाभरात कडकडतो.
तिथून मी विमानात बसून डंडीला आले,
ऊन घ्यायला.

हसू नका. पद्मजाही हसली नव्हती.
तिनं अर्ज भरले, पैसे भरले,
आणि विमानतळावर मिठी मारताना
हात फक्त एकदा अडखळला तिचा,
माझ्या कोपराशी.

पहिल्या दिवशी तीस सेकंद.
एक उभं कपाट, आत नळ्यांची रांग,
डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर काही नाही.
नवऱ्यानं जन्मात एवढ्या उजेडात पाहिलं नव्हतं मला.
मग चाळीस, मग पंचावन्न,
वाण्यानं तूप घालावं तसं, काट्याकडे बघत.
बाहेर साडेतीनलाच अंधार
आणि टे नदी, दौत लवंडल्यासारखी.

मी कासारीण.
माझं सगळं दुकान दुसरीच्या हातावर.
अंगठ्याखालचं हाड दाबायचं,
पोरीला माहेरचं काहीबाही विचारायचं,
ती उत्तर देईतो बांगडी मनगटात.
बत्तीस वर्षं. नुसतं बघून सांगायचे:
हिला सव्वादोन, हिला अडीच,
हिचा हात कष्टाचा, तेल लागेल.

मग माझ्याच तळहातांवर खपल्या आल्या.
आधी म्हणाल्या, काचेची धूळ असेल.
मग म्हणाल्या, रक्तातला दोष.
वांगं सोडलं, दही सोडलं,
माळशिरसच्या एका वैद्यानं तर मीठ सोडायला लावलं,
तेव्हा जगणंच आळणी झालं दोन महिने.
आणि एक दिवस
समोर बसलेल्या नव्या नवरीची सासू म्हणाली,
"मावशी, द्या इकडं. आमचं आम्ही भरतो."

बांगड्या आपल्या आपण भरताना
जायच्या त्या गेल्याच.
आमच्यात फुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात.
रोगाला काय म्हणायचं मग?
तोही वाढला.

इथली नर्स मोरॅग.
मला मिसेस कोल्पाका म्हणते,
शेवटचा कर तिच्या जिभेवर चढत नाही.
पहिल्याच दिवशी तिनं माझा तळहात उलटासुलटा केला,
हातमोजा न घालता,
आणि भेगांतून मलम भरत राहिली,
पावसाबद्दल, वाऱ्याबद्दल काही बोलत.
मी ऐकत नव्हते.
माझं बोट सवयीनं
तिच्या अंगठ्याखाली गेलं होतं.
सव्वादोन. मऊ हाड. तेल नको.

मनगट मोकळं होतं, दोन्ही.
मोकळं मनगट आमच्याकडे काय सांगतं
ते मी तिला कसं विचारणार?
पद्मजा म्हणाली, अगं नियम आहे,
दवाखान्यात कोपराखाली काही चालत नाही, घड्याळसुद्धा.
तरी आठवडाभर मी
तिच्या न पाहिलेल्या नवऱ्याची काळजी केली.

दहाव्या आठवड्यात पाठ निवळली.
कोपरं अजून हट्टी आहेत.
डॉक्टर म्हणाले, परत येईल, कधी ते सांगता येत नाही;
पाहुण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले.
सकाळी चादर झटकायची सवय जात नाही.
झटकते.
काही पडत नाही.
पुन्हा झटकते.

शेवटच्या दिवशी ड्युटी संपल्यावर
बसथांब्याच्या काचेआड
मोरॅगनं कोटाची बाही वर केली.
मी पिशवीतून हिरव्या सहा काढल्या.
थंडीनं बोटं आखडली होती,
तिची की माझी, कळेना.
विचारलं, "माहेर कुठलं तुझं?"
पद्मजा अर्थ सांगेपर्यंत पाच चढल्या.
सहावी गेली.

"वाढली," मी म्हणाले.
पद्मजानं शब्दाला शब्द सांगितला.
बस आली, दार उघडून उभी राहिली,
आणि मोरॅग वाकून
फरशीवरचे तुकडे बघत होती,
नेमकं काय वाढलं
ते शोधत.